इतर : ११ टक्के

मागच्या मंगळवारी आमच्या कारखान्यातल्या मशीन शॉपवर एक गोष्ट घडली. घडली म्हणजे काय, चहाच्या वेळेपर्यंत सगळे विसरूनही गेले असतील, इतकी बारीक. आमच्याकडे या सत्रात एक मुलगी इंटर्नशिपला आलीय. मोहोळहून सकाळची एसटी पकडते, हायवेला चिंचोली एमआयडीसीच्या फाट्यावर उतरते आणि तिथून चालत येते. डोक्याला ओढणी, पाठीला सॅक, सॅकच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन. स्वतःचा व्हर्नियर घेऊन येणारी ही पहिलीच. तर ती टर्निंग सेंटरपाशी (संगणकावर चालणाऱ्या लेथपाशी) उभी राहून मोबाइलवर सायकल टाइम, म्हणजे एक नग व्हायला लागणारा वेळ, मोजत होती. दहा-बारा नग मोजून झाल्यावर ऑपरेटरला म्हणाली, "दादा, एक मिनिट थांबवता का? इन्सर्टची धार कुठं बसलीय ते बघायचंय." (इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं बदलतं पातं.) बोलण्यात काही चूक नव्हती. उलट विचारून घेतलं, हे चांगलंच. ऑपरेटरचा अंगठा फीड होल्डच्या बटणापाशी गेला आणि तिथंच थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. मशीन थांबलं. एक मिनिटाची बारा मिनिटं झाली.

त्याच्या त्या बघण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. दुकानदार सुटे मोजून देताना गिऱ्हाइकाकडं बघतो, तसं होतं ते. घरी आलो, जेवलो, गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीत डोकावलो (आमच्याकडं नळाला पाणी कधी येणार यावर घराचं अख्खं वेळापत्रक ठरतं, ते सोलापूरकरांना सांगायला नको), तरी ती नजर काही जाईना. ओळखीची वाटत होती. कुठं पाहिली, ते आठवायला दोन दिवस लागले. आठवलं तेव्हा हसूही आलं आणि कसंसंही झालं.

२००८ चा मे महिना. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलेलं. तेव्हा इंटर्नशिप हा शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता, आम्ही 'इनप्लांट ट्रेनिंग' म्हणायचो. पुण्यात ज्यांचे काका-मामा होते ते पिंपरी-चिंचवडला गेले. माझा मामा अक्कलकोट रोडचा. त्याच्या ओळखीनं एका टॉवेल कारखान्यात पत्र मिळालं. मालकानं ते वाचलंसुद्धा नाही. घडी करून काउंटरच्या काचेखाली सरकवलं, "मेकॅनिकल? बरं. मागावर उभं राहा, काय लागलं तर अण्णाला विचारा," म्हणाला आणि फोनवर सुताचा भाव विचारायला लागला. माझं सहा महिन्यांचं औद्योगिक प्रशिक्षण या तीन वाक्यांत सुरू झालं. सुट्टी संपल्यावर तेच शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट झालं आणि मी दिवाळीपर्यंत तिथं जात राहिलो.

दार उघडल्यावर पहिल्यांदा आवाज लागायचा. 'ऐकू यायचा' म्हणणं कमी पडेल, छातीला लागायचा. चोवीस माग, प्रत्येकाचा आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं फेकला जाणारा, आणि चोवीसांचा ताल एकमेकांशी कधीच न जुळणारा. बाहेर बेचाळीस अंश ऊन, आणि आत खिडक्या बंद. कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. दुपारी एक पोरगा बादलीनं फरशीवर पाणी मारत फिरायचा. त्या ओल्या फरशीचा, खळीचा आणि तेलाचा मिळून एक आंबूस वास होता. आजही कोरी चादर नाकाला लावली की त्याची आठवण येते. कापसाची पांढरी लव हवेत तरंगायची आणि सगळ्यांच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या म्हाताऱ्या करून टाकायची. संध्याकाळी आरशात मी माझ्या आजोबांसारखा दिसायचो. आजोबाही गिरणीतलेच. बदली कामगार म्हणून लागलेले. पहाटे फाटकापाशी उभं राहायचं, कुणी कामावर नाही आलं तर आत घ्यायचे, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. मी ट्रेनिंगला निघालो त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कुणाच्या जागेवर?" मी म्हटलं, "कुणाच्या जागेवर नाही, मी शिकायला चाललोय." त्यांना ते काही नीट कळलं नव्हतं. जागा नसलेला माणूस कारखान्याच्या आत कसा जाईल, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

अण्णा पन्नाशीचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेक विणकरांसारखे घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, चिडले की दोन्ही. दोन माग सांभाळायचे. कमरेला सुतळीत बांधलेली छोटी कात्री, कानामागं पेन्सिलीसारखे खोचलेले दोन-तीन धागे. त्यांच्याकडं बघून मला पहिल्या दिवशी वाटलं, हा माणूस काहीच करत नाही. नुसता दोन मागांच्या मधल्या बोळातून चालतोय. चौथ्या दिवशी कळलं की तो चालत नाही, तो वाचतोय. साध्या मागावर आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. उभा तुटला तर थांबत नाही. मग तो तुटलेला धागा शेजारच्यात गुंततो आणि बघता बघता हातभर कापडाची वाट लागते. तेव्हा शेकडो उभ्या धाग्यांतला एक गेलेला दिसणं, हेच खरं काम. ते दिसण्याआधी अण्णांचा हात पोचलेला असायचा.

आणि ती गाठ. विणकराची गाठ म्हणतात तिला. तुटलेल्या धाग्याची दोन टोकं डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत एकमेकांवर आडवी धरायची, एक टोक अंगठ्याच्या नखाभोवती फिरवून मागं टाकायचं, दुसरं त्या फासात खोचून अंगठ्यानं दाबायचं आणि ओढायचं. लिहायला मला एवढी ओळ लागली, अण्णांना श्वासभर वेळही लागत नव्हता. नंतर कात्रीनं शेपट्या उडवायच्या. गाठ अशी चपटी बसायला हवी की फणीतून (आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या मागाच्या कंगव्यातून) सरसर निघून गेली पाहिजे. माझ्या गाठी फणीत अडायच्या. टचकन आवाज यायचा आणि धागा पुन्हा तुटायचा. मी इंजिनिअरिंगची पाच सत्रं पास झालेलो आणि एक गाठ सहा आठवडे येत नव्हती. अण्णा म्हणायचे, "घाई करू नका साहेब, बोटाला कळू द्या." साहेब! वीस वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या पोराला साहेब. मला तेव्हा ते आवडायचं, हे कबूल करायलाच हवं.

माझं प्रोजेक्ट होतं मागाच्या कार्यक्षमतेवर. गाइड सरांनी सांगितलं होतं, माग किती वेळ चालतो, किती वेळ बंद, आणि बंद असतो तो कशामुळं, हे शोध. विषय चांगलाच होता. टेरी टॉवेलचं गणित मला आवडायला लागलं होतं. त्याला उभ्या धाग्यांचे दोन बीम, म्हणजे धागे गुंडाळलेले रूळ, असतात : एक ताणलेला, कापड घट्ट ठेवणारा, आणि एक सैल, फुलोऱ्यासाठी, म्हणजे टॉवेलच्या अंगावरच्या मऊ फाशांसाठी. दोन आडवे धागे फणी मुद्दाम थोडे अलीकडंच सोडते, तिसऱ्याला पूर्ण ठोकते. त्या ठोक्याबरोबर तिन्ही मिळून पुढं सरकतात, आणि सैल बीमचे धागे वर उचलले जाऊन त्यांचे फासे होतात. अंग पुसताना जे पाणी टिपतात ते हे फासे. आमचे माग मिनिटाला १२० आडवे धागे टाकायचे, इंचाला ४० धागे बसायचे. म्हणजे मिनिटाला ३ इंच. ६० इंची टॉवेल २० मिनिटांत, आणि रुंदीत शेजारी-शेजारी दोन विणले जायचे म्हणून २० मिनिटांत दोन. कागदावर. प्रत्यक्षात उभा धागा तुटतो, धोट्यातली आडव्या सुताची कांडी संपते, लोडशेडिंग होतं, पट्टा सरकतो.

मी १० पाळ्या एका मागापाशी वही आणि स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. १२-१२ तासांच्या पाळ्या, एकूण ७,२०० मिनिटं. त्यातली २,८८० मिनिटं माग बंद. पण नुसतं बघून माझं भागत नव्हतं. फणीचं अंतर मोजायचं होतं, धोटा फेकणाऱ्या दांड्याचा, पिकिंग स्टिकचा, कोन घ्यायचा होता, बीमवरचा ब्रेक कसा बसलाय त्याचं स्केच काढायचं होतं. चालत्या मागात हात घालता येत नाही. मग मी अण्णांना खूण करायचो (त्या आवाजात बोलणं नसतंच, सगळं खुणांवर), एक बोट वर करून : एक मिनिट. अण्णा हँडल ओढायचे. माग थांबायचा. मी खाली वाकून मोजायचो, लिहायचो, चुकायचो, पुन्हा मोजायचो. ते बाजूला उभे राहून कानामागचा एक धागा काढून बोटाला गुंडाळत बसायचे. तोंडानं कधीही नाही म्हणाले नाहीत. हँडल ओढायच्या आधी एकदा फक्त काचेपलीकडच्या मालकाकडं बघायचे.

तीच ती नजर.

हिशोबाच्या दिवशी मी सहज कांडी खात्यात बसलो होतो. तिथं आवाज जरा कमी. बायका रहाटांवर कांड्या भरत होत्या, एकीनं मला भाकरीचा तुकडा आणि वर शेंगाची चटणी दिली. तिला सगळे अक्का म्हणत. तिचा नवरा पूर्वी अण्णांच्या शेजारच्या मागावर होता. तिनं माझ्या वहीकडं बघत विचारलं, "काय शिकायलास रे पोरा एवढं?" मी उत्साहानं सांगायला लागलो, माग बंद का पडतो ते शोधतोय. ती हसली. बाकीच्याही हसल्या. "तू शिकायलास की, पण तिकडं अण्णाचे टॉवेल कमी भरायलेत," ती म्हणाली, आणि रहाट पुन्हा सुरू.

मला तोवर माहीतच नव्हतं की अण्णांना मजुरी नगावर आहे. हे न माहीत असणं आता मला लाजिरवाणं वाटतं. पंधरा मैलांवरून आलेला पाहुणा नव्हतो मी. सोलापुरात जन्मलो, आजोबा गिरणीत, गल्लीत दर तिसऱ्या घरातून मागाचा खडखडाट. तरी मी गृहीत धरलं होतं की पगार महिन्याचा असतो, बाबांचा असतो तसा. माग थांबला की कारखान्याचं नुकसान, आणि कारखाना म्हणजे मालक, आणि मालकाला एवढं काय! माझ्या त्या एका बोटाच्या खुणेचं बिल कुणाच्या नावावर फाटतंय, हा प्रश्नच माझ्या प्रश्नावलीत नव्हता. प्रश्नावली मात्र चार पानी होती.

रात्री वही घेऊन बसलो. बंद वेळेची कारणं लावून ठेवली होती : उभा धागा, कांडी बदल, वीज, यांत्रिक बिघाड, आणि शेवटी 'इतर'. इतर ११ टक्के. २,८८० मिनिटांचे ११ टक्के म्हणजे ३१७ मिनिटं, सव्वापाच तास. नोंदी एकेक करून पाहिल्या. दोनदा अण्णा पाणी प्यायला गेले होते, एकदा मालकानं हाक मारली होती. बाकी सगळा मी. विसाला दोन या हिशोबानं तीसेक टॉवेल. एका मागाची जवळजवळ अर्धी पाळी मी खाल्ली होती, आणि त्याला नाव दिलं होतं 'इतर'.

रिपोर्टमध्ये मी ते बदललं का? नाही. परीक्षा जवळ आली होती, पाय चार्टचे रंगीत प्रिंट काढून झाले होते, एक पान दहा रुपयांना. 'इतर'ची फोड करायची तर 'निरीक्षकामुळे' असं लिहावं लागलं असतं, आणि मग बाहेरचे परीक्षक विचारणार की तुझ्यामुळंच आकडे बिघडले तर अभ्यास कसला. तो प्रश्न बरोबर असता. परीक्षकांनी चार्ट बघून मान डोलावली. एकानं विचारलंसुद्धा, "हे इतर काय?" मी म्हटलं, "मिसलेनियस, सर." त्यांनी पान उलटलं.

एवढं मात्र केलं की पुढं माग थांबवायला सांगितला नाही. लोडशेडिंगची वाट बघायचो. वीज गेली की चोवीस माग एकदम गप्प व्हायचे, आणि त्या शांततेत कान वाजत असताना मी टॉर्च घेऊन मागाखाली शिरायचो. अण्णांनी एकदा विचारलं, "आता का नाही थांबवत?" मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांना खरं कारण कळलं असावं. कारण त्या दिवसानंतर साहेब जाऊन मला नाव मिळालं. आणि मग अण्णा अंधारात, ओट्यावर बसून, मला गाठ शिकवायचे. बोटाला कळली ती तेव्हाच.

मुलं हल्ली इंटर्नशिपला कंटाळून बोलतात तेव्हा मला पूर्ण राग येत नाही. निम्म्या जणांना कागदाचाच उद्योग करावा लागतो. ओळखीतून लेटरहेड, त्यावर शिक्का, सहा महिने घरी बसून रिपोर्ट. माझ्याकडंही येतात. "सर, यायला नाही जमणार, पण सर्टिफिकेट..." असं म्हणून पुढचं वाक्य माझ्यावर सोडतात. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेनं, इंटर्नशिपला क्रेडिट (श्रेयांक) जोडले. एक क्रेडिट म्हणजे ४० ते ४५ तासांचं काम, असा हिशोब आहे. हिशोब ठीक. पण ते तास कुणाच्या घड्याळातले?

आलटून-पालटून वर्ग आणि कारखाना, अशा ज्या शिक्षणाला कोऑप म्हणतात त्याची जन्मकथा मी बऱ्याच उशिरा वाचली. १९०६ साली अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकानं २७ विद्यार्थ्यांवर ते सुरू केलं. दोन-दोन पोरांची जोडी. एका आठवड्यात एक वर्गात, दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा कधी रिकामी नाही, आणि त्या जागेचा पगार त्या पोरांना. मला यातला पगार तितका महत्त्वाचा वाटला नाही, जागा वाटली. पोरगं हजेरीपटावर होतं. त्याच्या हातून नग बिघडला तर त्याच्या नावावर बिघडणार, शेजारच्या म्हाताऱ्याच्या नाही. आजोबांचा प्रश्न बरोबर हाच होता : कुणाच्या जागेवर? आमच्याकडं आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून येतात, त्यांना निदान विद्यावेतन असतं, हातात काम असतं. ती शिव्या खातात आणि शिकतात. इंजिनिअरिंगचं पोरगं वही घेऊन सगळ्यांच्या मध्ये उभं असतं. त्याला कुणी शिव्या देत नाही. साहेब म्हणतात.

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो होतो. नव्या पेठेतून, अर्धा किलो. अण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि घडी खात्यातून कागदात गुंडाळलेला एक टॉवेल आणून दिला. "सेकंडचा हाय, घरात वापरा." मी उलगडला. पांढरा, काठाला निळी पट्टी. बरोबर मधोमध एक आडवी रेघ, जिथं फुलोरा किंचित विरळ झालेला. माग थांबवून पुन्हा चालू केला की पहिले काही धागे नेमके ठोकले जात नाहीत, तिथं अशी खूण राहते. तपासणीत ती दिसली की माल सेकंड, आणि सेकंडला मजुरी कमी. म्हणजे सव्वापाच तास हा पूर्ण हिशोब नव्हताच. अण्णांनी त्या रेघेवरून नख फिरवलं. "ही तुमची," म्हणाले, आणि मोठ्यानं हसले. मागाच्या आवाजात हसणं ऐकू आलं नाही, दात दिसले. आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही, की तो टोमणा होता, चेष्टा होती, की खरंच आठवण म्हणून दिलेली वस्तू होती. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. माझ्याकडच्या त्या नगाला कुठलं मानांकन लावायचं कोण जाणे. आईनं तो सात-आठ वर्षं वापरला. आता त्यानं मी गाडी पुसतो. रेघ अजून सापडते, बोटाला.

तो कारखाना आता तिथं नाही. जागेवर गोडाऊन आहे. अण्णांना नंतर एकदाच पाहिलं, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत, नातवाला खांद्यावर घेऊन पाळण्यांकडं चाललेले. हाक मारली, पण त्या वयात मागावरच्या माणसाला पाठीमागून मारलेली हाक पोचत नाही.

तर मंगळवार. दुपारी पाळी बदलायच्या वेळी मी शॉपवर गेलो. आमच्याकडं प्रत्येक मशीनपाशी पांढरा बोर्ड असतो : तास, टार्गेट, झालेले नग, फरक, शेरा. तासाला २२ नगांचं टार्गेट, त्यावर गेलं तर महिनाअखेर इन्सेन्टिव्ह. अकरा ते बारापुढं लिहिलं होतं १८. शेऱ्याच्या रकान्यात लोक काहीही लिहितात, टूल चेंज, मटेरियल नाही, लाइट. त्यानं सरळ लिहिलं होतं : 'ट्रेनी, १२ मि.' त्याच्या वळणदार अक्षरात, निळ्या मार्करनं. सुपरवायझर म्हणाला, "सर, पुसून टाकू का? उद्या ऑडिट आहे." मी म्हटलं, थांब. ऑपरेटर हात धूत होता, साबणाचा फेस कोपरापर्यंत, आणि आरशातून माझ्याकडं बघत होता.

ती मुलगी वही काढून बोर्डवरचं सगळं उतरवून घेत होती. तिचंही प्रोजेक्ट बंद वेळेवरच आहे, विषय मीच दिलाय. त्या ओळीपाशी आल्यावर तिचं पेन थांबलं. कान लाल झाले. मग माझ्याकडं वळून, अगदी हळू आवाजात, तिनं विचारलं, "सर, हे 'इतर'मध्ये घेऊ ना?"